परका म्हणून नाव दिलं

वकिलाला बायबल हवं होतं.

केइटर वकिलांचं पत्र शनिवारच्या टपालाने आलं. रविवारी प्रार्थना आटोपून सगळे ओपरमानांच्या मळ्यावर, हेस्टरच्या माहेरी, जेवायला जमले, तेव्हा हेस्टरने ते पत्र मनुके घातलेल्या पिवळ्या भाताच्या पातेल्याशेजारी ठेवलं आणि मुलांना बाहेर पिटाळलं. तिच्या नवऱ्यावरचा, लौरेन्सवरचा खटला गुरुवारी क्लिपबर्ख गावी उभा राहणार होता. आरोप राजद्रोहाचा. शिक्षा फाशीपासून सक्तमजुरीपर्यंत काहीही, तीन न्यायाधीशांच्या मर्जीवर.

पत्रात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे लौरेन्स स्टेन हा नदीपलीकडे ट्रान्सवालमध्ये जन्मला, तो तिथला नागरिक, इंग्रजांच्या राणीची रयत नव्हे, हे सिद्ध करणारं लेखी काहीतरी हवं. त्याच्या गावात अजून लढाई धुमसत होती आणि तिथल्या चर्चची दप्तरं कुठे गेली हे देवालाच ठाऊक. उरलं होतं ते ओपरमानांच्या कुलूपबंद पेटीतलं बायबल. त्याच्या पहिल्या पानांवर घरातली जन्म, लग्न, मरणं लिहिलेली होती आणि लग्नाच्या दिवशी जावयाचं जन्मगाव, जन्मतारीखही लिहिली होती. दुसरी गोष्ट केइटरांनी खाली रेघ ओढून लिहिली होती. हा माणूस नातालला, या इंग्रजी मुलखाला, आपलं घर मानतो, असं दाखवणारं काहीही कोर्टापुढे येता कामा नये. तो इथे पाहुणा आहे.

"अकरा वर्षांचा पाहुणा," लौरेन्स म्हणाला. "चार पोरांसकट."

कोणी हसलं नाही. तो जामिनावर सुटून तीन आठवडे झाले होते आणि त्याच्या असल्या बोलण्यावर हसायचं की नाही हे अजून कोणाला समजत नव्हतं.

खरं तर सगळा मामलाच हसण्यासारखा होता. लौरेन्स क्लिपबर्खच्या कोंडवाड्याचा रखवालदार होता. कोणाची गाय कोणाच्या मक्यात शिरली की ती त्याच्याकडे यायची, एवढीच त्याची सरकारदरबारी किंमत. लढाई पेटली, इंग्रज फौज एका सकाळी गाशा गुंडाळून दक्षिणेला निघाली आणि तिच्या मागोमाग मॅजिस्ट्रेटसाहेबही निघाले. जाताना त्यांनी घोड्यावरूनच कोंडवाड्याची किल्ली लौरेन्सच्या हातात टाकली आणि "स्टेन, गुरांकडे बघ" म्हणाले. त्याने बघितलं. नदीपलीकडून बोअर कमांडो, म्हणजे ओपरमानांसारख्याच डच वंशाच्या शेतकऱ्यांची घोडेस्वार पथकं, आली, त्यांनी आपला अधिकारी बसवला, त्यानेही सांगितलं, गुरांकडे बघ. तेव्हाही त्याने बघितलं. सात महिन्यांनी इंग्रज परत आले. मॅजिस्ट्रेटसाहेबांची स्वतःची तांबडी गाय कोंडवाड्यात धडधाकट होती, तिचं वासरूही होतं. साहेबांनी आधी गाय घरी नेली आणि मग लौरेन्सला बेड्या घातल्या. शत्रूची नोकरी केली म्हणून. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस होता, कोंडवाड्यावरचा म्हातारा झुलू गुराखी न्गोमान. त्याला साक्षीला बोलवावं असं साहेबांना सुचलं नाही आणि ओपरमानांनाही सुचलं नाही.

तरीही लौरेन्स सुटला असता. परक्या मुलखाच्या माणसाला या राज्याचा द्रोही कसं म्हणणार? पण गेल्या महिन्यात न्यायाधीशांनी कायदा ताणून रुंद केला. म्हणाले, राज्यावर संकट असताना इथे घरदार करून राहणारा परकाही रयतेइतकाच बांधलेला असतो. आमची फौज निघून गेली असली तरी बांधलेला असतो. म्हणजे पळायची मुभा साहेबाला, निष्ठेने थांबायचं काम रखवालदाराला. याच लौरेन्सने पाच वर्षांपूर्वी दोनदा अर्ज केला होता, मला रयतेत धरा, मताचा हक्क द्या म्हणून. दोन्ही वेळा एका ओळीत उत्तर आलं होतं, परकीयाचा अर्ज फेटाळला आहे. हेस्टरने ती उत्तरं वकिलांना दाखवली, तर त्यांनी हातच झटकले. अर्ज केला म्हणजे इथलं व्हायची इच्छा होती, असं सरकार म्हणेल, ते बाहेर काढू नका.

"मताचा हक्क मागितला तेव्हा हा परका," हेस्टर तेव्हापासून दिसेल त्याला सांगत होती. "आणि फाशी द्यायची वेळ आली तेव्हा आपला."

आता तिने ताटाला हातही लावला नव्हता.

"पा, पेटी उघडा," ती म्हणाली. "उद्या सकाळी केइटरांचा माणूस येईल."

सगळा जिल्हा ज्यांना ओम गिडियन, म्हणजे गिडियनकाका, म्हणे, ते तिचे वडील टेबलाच्या टोकाला बसले होते. ते चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे तिथले एक पंच होते, दर रविवारी पहिल्या बाकावर. आज त्यांनी प्रवचनातला एक शब्द ऐकला नव्हता.

"आधी जेवा," ते म्हणाले. "ट्रान्सवालकरांना मटण वाढ. कोठडीत वाळलेत."

ट्रान्सवालकर. लग्नाच्या दिवसापासून त्यांनी जावयाला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. सुरुवातीला हेस्टर चिडायची. त्यांच्या मनात तिच्यासाठी शेजारच्या मळ्यावरचा मुलगा होता, पोरगी नदीपलीकडच्या भणंगाच्या नादी लागली, हे त्यांनी कधी गिळलं नाही, अशी तिची समजूत होती. लौरेन्सने मात्र त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. हाक आली की तो उठायचा.

"मी पान उतरवून देतो त्यांना," ओम गिडियन पुढे म्हणाले. "माझ्या हाताने."

"नक्कल कोर्ट मानत नाही. पत्रात लिहिलंय."

"मग मी शपथेवर सांगेन."

"तुमची शपथ इंग्रज मानतील? पा, तुम्ही पेटी का उघडत नाही?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिला पहिल्यांदा शंका आली. तिचे वडील घाबरले होते. कमांडो आले तेव्हा घाबरले नाहीत, इंग्रजांनी झडती घेतली तेव्हा घाबरले नाहीत, आणि आता घड्याळाच्या साखळीत अडकवलेली पेटीची किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

तिने हात पुढे केला. तो तिने मागे घेतला नाही. मग त्यांनी किल्ली दिली.

पान सापडायला वेळ लागला नाही. हेस्टर मोठ्याने वाचू लागली. लौरेन्स स्टेफानस स्टेन, जन्म वक्करस्ट्रूम, सतरा मार्च अठराशे सहासष्ट. विवाह हेस्टर योहाना ओपरमान हिच्याशी. पुढे पाळकाचं नाव. आणि मग ती थांबली, कारण त्याखाली वेगळ्या शाईत, वडिलांच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती.

बारेंडने, तिच्या थोरल्या भावाने, पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि वाचलं. "आजपासून हा आमचा. नातालचाच समजावा."

ओसरीवर सुकवायला ठेवायचे पीच चिरण्याचा आवाज तेवढा येत होता. बारेंडची बायको एल्साबे दाराशीच परात घेऊन बसली होती. तो आवाजही थांबला.

"हे काय आहे, पा?" बारेंडने विचारलं.

"अक्षर ओळखता येतं ना तुला?"

"कशाला लिहिलंत?"

ओम गिडियननी भातातले मनुके बाजूला सारले. त्यांना सांगायचं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले तेव्हा मळ्याच्या पाटाला पाणी वाहत होतं. बांध आठवडाभर फुटलेला होता, गडी उद्या करू म्हणत होते. नवा जावई नव्या बायकोला झोपलेली सोडून गुडघाभर चिखलात उतरला होता आणि त्याने दगड लावून बांध घातला होता. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने नंतर त्याचा उल्लेखही केला नाही. म्हाताऱ्याने घरात येऊन पेटी उघडली होती आणि ओळ लिहून पेटी बंद केली होती. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत, ताटाकडे बघत, कोणाची तरी चुगली केल्यासारखं सांगून टाकलं.

लौरेन्सने पुस्तक आपल्याकडे फिरवून घेतलं. गोष्टींची त्याला नवलाई वाटत नसे. माणूस पकडला जातो, सुटतो, गुरं चुकतात, सापडतात. पण अकरा वर्षं तो या टेबलाशी परका म्हणून बसला होता आणि तेवढीच वर्षं ही ओळ त्याच्या पाठीमागच्या पेटीत पडून होती. त्याने ती पुन्हा वाचली.

"कापा," बारेंड म्हणाला.

"देवाचं पुस्तक आहे," ओम गिडियन म्हणाले.

"देवाने नाही लिहिलेली ही ओळ, तुम्ही लिहिलीये. सरकारी वकील हे कोर्टात मोठ्याने वाचेल आणि खाली बसेल. त्याला दुसरं काही करावंच लागणार नाही. सासऱ्याने लिहून दिलंय, हा नातालचा. संपलं. तेवढी पट्टी कापली की वरची दोन वाक्यं राहतात. जन्म राहतो, लग्न राहतं. हेस्टर, तू सांग ना."

हेस्टरला वडिलांकडे बघवत नव्हतं. ही ओळ आई जिवंत असताना, पहिलं पोर झालं तेव्हा, निदान एकदा तरी कोणी हेस्टरला दाखवली असती तर ती किती रडली असती. आज तिला त्या ओळीचा राग येत होता.

"कापा," ती म्हणाली. "मला ओळ नको, नवरा हवाय."

एल्साबे आत आली. पीचच्या रसाने चिकट झालेली सुरी तिने पुसली नाही, तशीच टेबलावर ठेवली.

"घ्या सुरी," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आधी सांगा, तुम्हाला एवढी घाई का झालीये ती."

"एल्साबे, तू बाहेर जा."

"तीन आठवडे मी बाहेरच आहे. लौरेन्सकडे बघवत नाही मला, म्हणून ओसरीवर बसते. तुम्ही सांगता, का मी सांगू?"

बारेंडने मान वळवली. तो वाईट माणूस नव्हता आणि हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं, हीच त्याची अडचण होती. तो इथेच जन्मलेला, राणीची अस्सल रयत, आणि पाच महिने कमांडोबरोबर टेकडीवर बंदूक घेऊन बसलेला. खरा राजद्रोह कोणी केला असेल तर त्याने केला होता. इंग्रज परतले तेव्हा तो चर्चमधल्या आणखी सहा जणांबरोबर शरण गेला. शरण येणाऱ्यांना माफीचा कागद मिळत होता, अट एकच, शत्रूच्या अमलात कोणी कोणी काम केलं त्यांची नावं द्यायची. सातही जण आदल्या दिवशी गिरणीमागे जमले. शेजाऱ्याचं नाव द्यायला कोणाची जीभ रेटेना. मग कोणीतरी म्हणालं, लौरेन्स आहे की. तो परका. परक्याला राजद्रोह लागतच नाही, त्याचं कोण काय वाकडं करणार? सगळ्यांना हायसं वाटलं. आणि एकदा परक्याच्या नावावर टाकायचं ठरल्यावर हात कोण आखडता घेतो? इंग्रजांच्या मळ्यांवरचे बैल कोणी हाकलून आणले, तर लौरेन्सने. कमांडोला वाटा कोणी दाखवल्या, तर लौरेन्सने. ते बैल बारेंडने स्वतः हाकलले होते.

हे त्याने सांगितलं. एल्साबेने अधूनमधून सुटलेलं भरून काढलं.

"तू," हेस्टर म्हणाली.

"मला काय ठाऊक कायदा बदलेल? तेव्हा नव्हता. साऱ्या मंडळीला विचार, सातही जण हेच म्हणाले. त्याच्या अंगाला काही लागणार नाही म्हणूनच त्याचं नाव दिलं. आपल्यातल्या कोणाचं दिलं असतं तर तो लटकला असता."

"आपल्यातल्या," हेस्टर म्हणाली.

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तू त्याला कधी आपल्यातला धरलाच नाहीस. तू आणि ते साहेब, दोघांचा हिशेब एकच. कामापुरता परका, कामापुरता आपला. निदान साहेबाने त्याची भाकरी तरी खाल्ली नव्हती. तू परवा माझ्याकडे जेवून गेलास."

बारेंडने लौरेन्सकडे पाहिलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटलंच होतं बैलांचं कोणीतरी सांगितलंय," लौरेन्स म्हणाला. "ते बैल माझ्या कोंडवाड्यात आले तेव्हा त्यांच्या पायाला तुझ्या दोरीच्या गाठी होत्या, बारेंड. मी त्या सोडून ठेवल्या. म्हटलं, कोणी ओळखायला नको."

एल्साबेने एप्रनच्या टोकाने डोळे टिपले आणि तिला स्वतःचाच संताप आला.

ओम गिडियन उठले. त्यांनी सुरी उचलली, हातरुमालाने नीट पुसली आणि बायबल आपल्यासमोर ओढलं. हेस्टरला वाटलं, ते खरंच कापणार. तिला तेच हवं होतं आणि नकोही होतं. म्हाताऱ्याने मात्र सुरीचं टोक ओळीखाली टेकवून सुरी मुलाच्या हातात दिली.

"काप," ते म्हणाले. "पुस्तक मी कापू नये, मी मंडळीचा वडील आहे. तू काप. पण कापण्याआधी पान उलट."

बारेंडला कळेना.

"उलट म्हणतो ना."

त्याने पान उलटलं. मागच्या बाजूला, नेमक्या त्याच जागी, जिथे पलीकडे जावयाची ओळ होती, तिथे त्याच्या आईचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर होतं. बारेंड गिडियन ओपरमान, जन्म याच घरात, चार ऑगस्ट अठराशे सदुसष्ट. पहिला मुलगा. देवाचे आभार. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"त्याला काढलास की तूही जातोस," ओम गिडियन म्हणाले. "कागद एकच आहे. मी मुद्दाम तिथे लिहिलं नव्हतं, तेवढीच जागा उरली होती."

सुरी बारेंडच्या हातात होती. मुलं बाहेर पाटाच्या काठी भांडत होती, त्यांचे आवाज येत होते. त्याने पान पुन्हा सरळ केलं, पुन्हा उलटलं.

"मग याला वाचवायचं कसं?" हेस्टर म्हणाली. "तुम्हा दोघांना कागदाची काळजी. गुरुवारी कोणाला नेणार आहेत?"

"तूच सांग, कसं," लौरेन्स म्हणाला. तो तिला म्हणाला, पण बघत होता बारेंडकडे. "न्यायाधीश म्हणतात, मी इथलाच समजला जात होतो. मग इथल्या लोकांनी मला काय समजलं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. सात रयतांनी माझं नाव का दिलं, हे एकाने जरी शपथेवर सांगितलं, तरी केइटरना त्यावर लढता येईल."

"म्हणजे मी," बारेंड म्हणाला.

"मी कोणाचं नाव घेतलेलं नाही."

"मी नावं खोटी दिली असं म्हटलं की माझा माफीचा कागद गेला. बैल मी हाकलले हेही मग आलंच. लौरेन्सच्या जागी मी उभा राहतो. मी तर रयत आहे, मला त्यांना कायदा ताणावाही लागणार नाही."

"हो," हेस्टर म्हणाली. तिने त्याला धीर दिला नाही. ती आता कोणालाच धीर देणार नव्हती.

बारेंडने बायकोकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे सरळ बघत होती. मग त्याने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि रागही उरला नव्हता, ते नुसते वाट बघत होते. त्याने सुरी टेबलावर ठेवली, पातं आपल्याकडे करून.

"सांगेन," तो म्हणाला. "परका म्हणून नाव दिलं, असं सांगेन. बैलांचंही सांगेन."

कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. हेस्टरने बायबल मिटलं, वकिलाचं पत्र आणि अर्ज फेटाळल्याची दोन्ही उत्तरं त्याच पानात घातली. त्यांत सरकारनेच त्याला परकीय म्हटलं होतं. वकिलांना राग आला तर येवो. बायको कोणाची, पोरं कोणाची, आणि हा माणूस कोणाचा, हे सगळं त्या एका पानाशी होतं. न्यायाधीशांना एवढा कायदा ताणता येतो, तर एवढं वाचताही यावं.

लौरेन्स उठून उभा राहिला. गाडी जोडायला हवी होती, उन्हं उतरायच्या आत गावात पोचायचं होतं. जामिनाची ती अट होती.

"पा," बारेंड अजून खुर्चीतच होता. "सरकारी वकील मला उलट विचारेल. परका म्हणतोस, मग हा तुझा कोण? तेव्हा काय सांगू? शपथेवर असेन मी."

ओम गिडियननी पेटीला कुलूप लावलं नाही. पेटी आता रिकामी होती.

"मग पान वाचून दाखव," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."

एल्साबेने सुरी उचलली आणि ती ओसरीवर परतली. अर्धी परात पीच अजून चिरायचे होते.